दिलेले आणि परत आलेले

‘डेटा’ हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की, दूध संपले म्हणावे तसे आपण मोबाइलचा डेटा संपला म्हणतो. मुळात तो लॅटिन. ‘देणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला आणि त्याचा अर्थ ‘दिलेल्या गोष्टी’ एवढाच. संस्कृतातल्या ‘दा’ धातूशी त्या क्रियापदाचे रक्ताचे नाते आहे. म्हणजे ‘दत्त’ आणि ‘डेटा’ हे एकमेकांचे चुलतभाऊ लागतात. व्युत्पत्ती सांगून लेख सुरू करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि पुष्कळदा ती निरर्थक असते. इथे मात्र ती उपयोगाची आहे. कारण या लेखाचा सगळा विषयच देण्याघेण्याचा आहे: संगणकाच्या प्रोग्रॅममधला एक भाग दुसऱ्या भागाला काही देतो, दुसरा त्यावर काम करून काही परत करतो. या व्यवहारात दिलेल्या वस्तूचे नेमके काय होते?

माणसांच्या व्यवहारात आपल्याला हे फरक चांगले कळतात. शेजाऱ्याने पुस्तक मागितले तर आपण त्याला आपली प्रत देतो, किंवा हव्या त्या पानांची झेरॉक्स काढून देतो. झेरॉक्सवर त्याने काय वाटेल ते लिहावे. पण आपल्या प्रतीवर समासात पेन्सिलीने टिपणे केली, तर ती टिपणे आपल्या घरी परत येतात. तिसराही एक प्रकार आहे. पुस्तक द्यायचेच नाही, ‘ग्रंथालयात अमुक कपाटात, तमुक खणात आहे, तिथे जाऊन बघा’ अशी चिठ्ठी द्यायची. वस्तू, नक्कल आणि पत्ता. प्रोग्रॅमिंगच्या जवळजवळ सगळ्या भाषांना या तिघांतून निवड करावी लागली आहे, आणि प्रत्येक भाषेने केलेल्या निवडीवरून तिने आपल्या वापरणाऱ्याला काय समजले आहे तेही कळते.

मी इथे बोलणार आहे ते ‘पर्ल’ या स्क्रिप्टिंग भाषेबद्दल. जुन्या मराठी ग्रंथांच्या शब्दसूच्या संगणकावर तयार करण्याचे काम मी करतो, आणि ते काम गेली अनेक वर्षे पर्लमध्येच चालले आहे. मजकुराची चाळणी करायला ही भाषा फार सोयीची. पण निवडीचे कारण एवढेच नाही. देण्याघेण्याच्या बाबतीत पर्लने जे ठरवले ते इतर बऱ्याच भाषांहून वेगळे आहे, आणि त्याची किंमत एका मराठी ग्रंथाला कशी मोजावी लागणार होती ते पुढे येईलच.

आधी सबरूटीन म्हणजे काय ते सांगतो. पाककृतींच्या पुस्तकात आमटीच्या कृतीत ‘गोडा मसाला दोन चमचे’ एवढेच लिहिलेले असते. मसाल्याची कृती एकदाच, वेगळ्या पानावर. प्रोग्रॅममध्ये वारंवार लागणारे काम असेच वेगळे काढून त्याला नाव देतात. हे वेगळे काढलेले काम म्हणजे सबरूटीन. ते हवे तिथे नावाने बोलवायचे.

ही कल्पना आज सोपी वाटते. केंब्रिज विद्यापीठातले ‘एडसॅक’ हे यंत्र १९४९च्या मे महिन्यात पहिल्यांदा चालले, तेव्हा ती सोपी नव्हती. यंत्राला वेगळ्या पानावर पाठवणे जमत होते. परत कुठे यायचे हे त्याला कसे कळणार? आमटी करता करता मसाल्याच्या पानावर गेलो, मसाला झाला, आता आमटीकडे परतायचे की रश्श्याकडे? डेव्हिड व्हीलर यांनी यावर एक युक्ती काढली. बोलावणारा प्रोग्रॅम निघताना आपली जागा सोबत देई. सबरूटीन काम सुरू करण्याआधी त्या जागेवरून परतीची आज्ञा तयार करी आणि ती स्वतःच्याच शेवटच्या ओळीवर लिहून ठेवी. म्हणजे दर वेळी सबरूटीन आपला शेवट नव्याने लिहीत असे. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे प्रोग्रॅमिंगवरचे पुस्तक १९५१मध्ये आले, त्यात कागदी पट्ट्यांवर साठवलेल्या अशा सबरूटीनांचा संग्रह कसा वापरायचा ते सांगितले आहे. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सबरूटीनला दिली गेलेली अगदी पहिली आवश्यक वस्तू कोणती, तर परतीचा पत्ता. बाकीचे देणेघेणे नंतरचे.

नंतरच्या दहा वर्षांत दोन वाटा फुटल्या. १९५८च्या फोरट्रान-दोनमध्ये सबरूटीन आले, आणि वस्तूऐवजी तिची स्मृतीतली जागा देण्याची पद्धत रूढ झाली. जागाच हाती आल्यामुळे सबरूटीन तिथे जे बदलेल ते बोलावणाऱ्यालाही बदललेले दिसे. यातून एक विलक्षण घोटाळा होऊ शके. काही जुन्या कंपायलरांत सबरूटीनला ५ हा स्थिरांक पाठवला आणि त्याने त्या जागी ६ भरले, तर पुढे प्रोग्रॅममध्ये जिथे ५ लिहिले आहे तिथे ६ वाचला जाई. अंकगणिताचाच पाया हलला म्हणायचा. १९६०च्या अल्गोलने म्हणूनच लेखकाला निवड दिली: नक्कल हवी तर तसे सांगा, नाहीतर दिलेली राशी जशीच्या तशी आत नेऊन दर वेळी नव्याने मोजली जाईल. हा दुसरा प्रकार तर्काला देखणा, पण चालवायला अवघड होता आणि पुढे बहुतेकांनी सोडून दिला. सी भाषेने नकलेचा रस्ता धरला. जागा हवी असेल तर पत्ता मागून घ्या, असे तिचे रोखठोक धोरण.

लॅरी वॉल यांनी १९८७च्या डिसेंबरात पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा हे सगळे अनुभव समोर होते. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्रातले. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेचा अभ्यास करून तिला लेखनपद्धती द्यावी, तिच्यात बायबलचे भाषांतर करावे असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा बेत होता. तो प्रकृतीच्या कारणाने राहून गेला. पर्लमध्ये जागोजाग हा भाषाशास्त्री दिसतो. एकवचनी वस्तूच्या नावाआधी $ हे चिन्ह, अनेकवचनी यादीच्या नावाआधी @. आपण ‘तो’, ‘ते’ म्हणतो तसे सर्वनामासारखे एक नाव पर्लमध्ये आहे, ते म्हणजे $ आणि त्यापुढे नुसती अधोरेषा. ‘मघाशी ज्याबद्दल बोलत होतो ते’ असा त्याचा अर्थ.

त्याच सर्वनामाचे अनेकवचन म्हणजे @_. सबरूटीनला जे जे द्यायचे ते सगळे या एकाच यादीत येते. किती गोष्टी येणार, कोणत्या येणार, याची आधी घोषणा करावी लागत नाही. दाराशी एक टोपली ठेवलेली, जे येईल ते तिच्यात. सबरूटीनच्या पहिल्या ओळीत त्या टोपलीतून एकेक वस्तू काढून तिला नाव द्यायचे, ही पर्ल लिहिणाऱ्यांची रीत. ‘माय’ हा घोषणेचा शब्द सोडून दिला तर ती ओळ अशी दिसते:

($शब्द) = @_;

चलांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत ती वाचकांच्या सोयीसाठी खरी, पण फाइल यूटीएफ-आठमध्ये असल्याचे सुरुवातीला सांगितले तर पर्लला ती चालतातही.

आता मुख्य मुद्दा. टोपलीत पडलेल्या वस्तू नकला नसतात. बोलावणाऱ्याच्या घरातल्या त्याच त्या वस्तू असतात, फक्त दुसऱ्या नावाने हाक मारता येणाऱ्या. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलत, तेव्हा माहेरची यमुना आणि सासरची लक्ष्मी ही एकच बाई असे. सासरी लक्ष्मीचा हात भाजला तर माहेरच्या यमुनेचा हात धड राहील का? @_मधल्या एखाद्या घटकावर थेट काही केले की ते मूळ चलावरच होते. वर दिलेली ओळ लिहिली की मात्र नक्कल तयार होते. पुढचे सगळे काम $शब्द या नकलेवर चालते आणि मूळ सुरक्षित राहते. म्हणजे पर्ल मुळात वस्तूच देते, आणि नक्कल करून घेणे ही घेणाऱ्याने पाळायची रीत आहे. भाषा ती सक्तीने करवून घेत नाही. कुंपणापेक्षा शिष्टाचारावर विश्वास, असा पर्लचा एकूणच स्वभाव आहे. बिनबोलावता कोणाच्या माजघरात शिरू नये, हे तिथे दाराला कुलूप घालून शिकवत नाहीत.

या विश्वासाची किंमत केव्हा पडते ते आमच्याच कामातल्या एका प्रसंगावरून सांगतो.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’, ‘तें’, ‘केलें’ अशी रूपे सर्रास असतात, आणि एकाच ग्रंथात ‘कांहीं’ आणि ‘काहीं’ दोन्ही सापडतात. शब्दसूचीत ही रूपे शेजारी शेजारी यावीत म्हणून आम्ही प्रत्येक शब्दाची एक ‘किल्ली’ तयार करतो: शब्दातले सगळे अनुस्वार काढायचे आणि जे उरेल त्यावर अकारविल्हे लावायचे. किल्ली फक्त क्रम लावण्यापुरती. छापायचा तो मूळ शब्दच. किल्लीत ‘संत’ आणि ‘सत’ एका घरात पडले तरी बिघडत नाही, कारण क्रम लागला की किल्ली टाकून द्यायची असते.

एका तरुण सहकाऱ्याने हे किल्ली करणारे सबरूटीन नव्याने लिहिले. जुने सबरूटीन आधी नक्कल घेई; याने ती ओळ गाळून थेट @_च्या पहिल्या घटकातूनच अनुस्वार खोडले आणि तोच घटक परत केला. दोन ओळींचे काम एका ओळीत झाले. त्याने ते तपासलेही: एका चलात ‘नांव’ भरले, सबरूटीनला दिले, परत काय आले ते पाहिले. ‘नाव’ आले. बरोबरच होते. परत आलेल्या वस्तूकडे त्याने नीट पाहिले. दिलेल्या वस्तूचे काय झाले ते पाहण्याचे कारणच त्याला वाटले नाही.

गंमत अशी की, त्याने चल न वापरता अवतरणात ‘नांव’ हा शब्द जसाच्या तसा सबरूटीनला दिला असता, तर पर्लने तिथेच काम थांबवले असते. ज्यात बदल करता येत नाही अशा मूल्यात बदल करण्याचा प्रयत्न होत आहे, अशी तक्रार तिने केली असती. फोरट्रानमधला ५चा ६ होण्याचा प्रकार पर्लमध्ये होत नाही तो असा. लिहिलेला स्थिरांक राखला जातो. चल राखला जात नाही.

पुढे संपूर्ण ग्रंथाची यादी त्या सबरूटीनमधून गेली. सूचीचा क्रम अचूक लागला. त्याच प्रोग्रॅममध्ये टंकनाच्या दुरुस्त्या करून ग्रंथाची फाइल पुन्हा लिहून ठेवण्याचा एक टप्पा शेवटी होता. तो टप्पाही पार पडला, आणि चारशे पानांच्या ग्रंथात एकही अनुस्वार उरला नाही.

ते लक्षात आले आमच्या मुद्रितशोधक बाईंच्या. ‘वंदन’च्या जागी ‘वदन’ आले होते, ‘संत’चे ‘सत’ झाले होते, ‘रंग’चे ‘रग’. अशी वाक्ये डोळ्याला लगेच खुपतात. पण नुकसानीचा हा दिसणारा भाग होता. ‘नांव’चे ‘नाव’ झालेले त्यांनाही खुपले नसते, कारण आजच्या नियमाने ‘नाव’ हेच शुद्ध. जुन्या लेखनात मात्र ‘नांव’ म्हणजे माणसाचे नाव आणि ‘नाव’ म्हणजे होडी. ‘पांच’ ही संख्या आणि ‘पाच’ हे रत्न. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन, हा फरक तर व्याकरणाचाच. एखाद्या जुन्या लेखकाने नपुंसकलिंग कुठे पाळले, कुठे सोडले, हे तपासणाऱ्या अभ्यासकाचा सगळा पुरावा त्या बिंदूत असतो. तो बिंदू एकदा खोडला की कोणत्याही नियमाने परत लावता येत नाही. कोणता ‘ते’ मुळात ‘तें’ होता हे वाक्य वाचल्याशिवाय यंत्राला कळणार कसे?

आधीची प्रत राखून ठेवलेली होती, म्हणून ग्रंथ वाचला. पण ‘वंदन’, ‘संत’ असे शब्द त्या ग्रंथात नसते, सगळे अनुस्वार अनुच्चारितच असते, तर आजच्या लेखनात छापलेला एक नीटनेटका मजकूर ‘मूळ संहिता’ म्हणून पुढे गेला असता.

यावर माझे मत स्पष्ट आहे. मूळ वस्तू देणे ही पर्लची सामान्य रीत असायला नको होती. मोठ्या याद्या नकला न करता हाताळता याव्यात हा तिच्यामागचा हेतू असेल तर तो समजण्यासारखा आहे, १९८७ची स्मृती तुटपुंजी होती. पण ज्या व्यवहारात गफलत झाली तर कळतच नाही, तिथे शिष्टाचार पुरत नाही. तरीही या रचनेत एक प्रामाणिकपणा आहे, तो मला नाकारता येत नाही. सबरूटीनची पहिली ओळ वाचली की लिहिणाऱ्याचा इरादा कळतो: त्याने नक्कल घेतली की हात थेट टोपलीत घातला. दुसऱ्याचा पर्ल प्रोग्रॅम तपासायला घेतला की मी आधी सगळ्या पहिल्या ओळी वाचतो.

टोपलीचा दुसरा गुण, किंवा दोष, असा की तिच्यात कप्पे नाहीत. समजा, एका सबरूटीनला @मूळ ही संहितेची यादी आणि @पाठभेद ही पाठभेदांची यादी द्यायची आहे. दोन्ही एकापाठोपाठ लिहून दिल्या तर आत पोचते ती एकच लांबलचक यादी. मूळ कुठे संपले आणि पाठभेद कुठे सुरू झाले याची खूण कुठेच नाही. दोन पोती एकाच कणगीत रिकामी करावीत तसे. संधी झालेल्या शब्दाचा विग्रह व्याकरणाच्या आधाराने करता येतो. इथे तोही आधार नाही. परत येतानाही तेच. सबरूटीनने दोन याद्या परत केल्या आणि आपण त्या दोन यादी-चलांत घ्यायला गेलो, तर पहिले चल सगळे गिळून टाकते आणि दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

यावरचा उपाय १९९४च्या ऑक्टोबरात पर्लच्या पाचव्या आवृत्तीने नीट आणून दिला: रेफरन्स, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. यादीच्या नावाआधी उलटी तिरकी रेघ दिली की यादीऐवजी तिचा पत्ता जातो.

तुलना(\@मूळ, \@पाठभेद);

आता टोपलीत दोनच चिठ्ठ्या पडतात आणि कोणती कशाची हे निश्चित असते. मात्र इथे नवशिके हमखास फसतात. पहिल्या ओळीत नक्कल घेण्याची रीत त्यांनी पाळलेली असते, त्यामुळे आता मूळ सुरक्षित आहे असे त्यांना वाटते. पण नक्कल झाली ती चिठ्ठीची. चिठ्ठीच्या दोन प्रती काढल्याने घर दोन होत नाही. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन जाणारे एकाच दारात उभे राहतात. यादी खरोखर वेगळी हवी असेल तर पत्त्यावर जाऊन तिच्यातल्या वस्तूंची नक्कल करावी लागते, आणि त्या वस्तूंतही पुन्हा चिठ्ठ्याच असतील, तर त्या पत्त्यांवर जाऊन त्यांचीही. शब्दसूचीत हे रोजचे आहे: प्रत्येक शब्दाखाली पृष्ठांची यादी, प्रत्येक पृष्ठाखाली ओळींची.

परत देण्याच्या बाबतीत पर्लने जे केले ते मला तिच्यातले सर्वांत भाषाशास्त्रीय वाटते. बहुतेक भाषांत सबरूटीन काय परत करील ते आधी ठरलेले असते. पर्लमध्ये ते बोलावणाऱ्याने एक वस्तू मागितली की यादी, यावरही अवलंबून राहू शकते. पर्लचे ‘लोकलटाइम’ हे उदाहरण घ्या. त्याचे उत्तर यादीत घेतले तर सेकंद, मिनिटे, तास असे नऊ आकडे मिळतात. एकवचनी चलात घेतले तर वार, महिना, तारीख, वेळ आणि साल असलेली वाचण्याजोगी एक ओळ मिळते. (त्या नऊ आकड्यांत महिने शून्यापासून मोजतात आणि साल १९०० वजा करून येते, तो वेगळाच वैताग.) स्वतः लिहिलेल्या सबरूटीनलाही ‘वाँटअ‍ॅरे’ ही पृच्छा करून आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे जाणून घेता येते: यादी, एकच वस्तू, की काहीच नाही. ‘घरी कोण आहे?’ या प्रश्नाला पाहुणा विचारतो तेव्हा आपण एक उत्तर देतो आणि जनगणनेचा कर्मचारी विचारतो तेव्हा वेगळे. दोन्ही खरीच असतात.

पण अपेक्षा सांगायची कशी? बऱ्याचदा नुसत्या कंसाने. मघाची ओळ पुन्हा पाहा आणि तिच्याखाली दुसरी:

($शब्द) = @_;
$शब्द = @_;

पहिलीत टोपलीतली पहिली वस्तू मिळते. दुसरीत टोपलीत किती वस्तू आहेत तो आकडा. एका कंसाच्या जोडीवर ‘नांव’ आणि ‘नाव’ यांच्याइतका फरक पडतो. बाहेर देतानाही अशीच बारीक मेख आहे. तीन वस्तू असलेले यादी-चल परत केले आणि घेणाऱ्याने एकच वस्तू मागितली, तर त्याला ३ हा आकडा मिळतो. पण त्याच तीन वस्तू कंसात स्वल्पविराम देऊन परत केल्या, तर शेवटची वस्तू मिळते. हे नियम पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

‘काही सापडले नाही’ असे सांगायचे असेल तेव्हाही या अपेक्षेचे भान लागते. पर्लमध्ये ‘अव्याख्यात’ असे एक मूल्य आहे. पुष्कळ जण न सापडल्याची खूण म्हणून तेच स्पष्टपणे परत करतात. घेणाऱ्याने यादी मागितली असेल तर त्याच्या हाती एक यादी येते आणि तिच्यात एक घटक असतो: ते अव्याख्यात मूल्य. यादीत एक घटक आहे म्हणजे यादी रिकामी नाही, म्हणजे ‘सापडले’ असा निष्कर्ष निघतो. रिकामे पाकीट बंद करून दिले तर टपालवाला एक पाकीट पोचते केले असेच म्हणणार. नुसते ‘रिटर्न’ लिहिले, पुढे काहीच नाही, तर पर्ल अपेक्षा ओळखून यादी मागणाऱ्याला रिकामी यादी आणि एक वस्तू मागणाऱ्याला अव्याख्यात मूल्य देते. आणि ‘रिटर्न’ लिहिलेच नाही तर? सबरूटीनमध्ये शेवटी जे मोजले गेले तेच बाहेर जाते. मौन पाळण्याची परवानगी पर्ल सहसा देत नाही.

टोपलीतल्या वस्तू ओळखायच्या कशा, हा प्रश्न राहिला. दोन-तीन असतील तोवर क्रमाने ओळखता येतात. सहा-सात झाल्या की चौथी कोणती होती हे कोणालाच आठवत नाही. इंग्रजी वाक्यात कर्ता कोण, कर्म कोणते, हे मुख्यतः जागेवरून ठरते. मराठीत ‘रामाने शामाला पुस्तक दिले’ आणि ‘शामाला पुस्तक दिले रामाने’ यांत देणारा आणि घेणारा बदलत नाही, कारण प्रत्येक पद आपला प्रत्यय सोबत घेऊन फिरते. पाणिनीने सांगितलेल्या सहा कारकांपैकी ज्याला द्यायचे त्याचे ‘संप्रदान’ हे स्वतंत्र कारकच आहे. पर्लच्या टोपलीतही प्रत्यय लावता येतात. वस्तू सुटी न देता नाव आणि वस्तू अशा जोडीने द्यायची, आणि आत गेल्यावर त्या जोड्यांचा हॅश, म्हणजे नावावरून वस्तू काढून देणारा कोश, करून घ्यायचा.

सूची(ग्रंथ => $ग्रंथ, क्रम => 'अकारविल्हे', पाठभेद => \@पाठभेद);

जोड्यांचा क्रम बदला, काही बिघडत नाही. एखादी जोडी दिलीच नाही तर काय धरायचे, हेही सहज लिहिता येते: हॅशमध्ये आधी आपल्या गृहीत जोड्या ठेवायच्या आणि त्यांच्या मागे @_ ओतायची. एकाच नावाच्या दोन जोड्या आल्या तर मागून आलेली टिकते, म्हणून दिलेले गृहीतावर मात करते. भाषेने यासाठी कोणतीही खास सोय केलेली नाही. टोपलीला कप्पे नसणे हा जो दोष वर सांगितला, त्यावरच ही युक्ती उभी आहे.

सबरूटीनच्या नावापुढे कंसात घेण्याच्या वस्तूंची नावे लिहिण्याची पद्धत, जी इतर भाषांत पहिल्यापासून असते, ती पर्लमध्ये २०१४च्या ५.२० आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली. २०२२च्या ५.३६ आवृत्तीत तिच्यावरचा प्रायोगिक हा शिक्का गेला. या पद्धतीत कंसातल्या प्रत्येक नावात नक्कल येते. जास्त किंवा कमी वस्तू आल्या तर पर्ल तक्रार करून थांबते. शिष्टाचाराचा नियम व्हायला पस्तीस वर्षे लागली. चिठ्ठ्यांना मात्र तो लागू पडत नाही. पत्ता दिला की घर उघडेच.

आमच्या सूचीचे किल्ली करणारे सबरूटीन आता या नव्या पद्धतीने लिहिलेले आहे. ते तपासताना आम्ही सोळा शब्दांची एक यादी देतो. तिच्यात ‘तें’ आणि ‘ते’, ‘नांव’ आणि ‘नाव’, ‘वंदन’ आणि ‘वदन’ आहेत. परत काय आले ते पाहून झाले की दिलेली यादी पुन्हा छापतो आणि मुद्रितशोधक बाई ती कागदावरच्या यादीशी बिंदूनिशी ताडून पाहतात. ग्रंथाची फाइल पुन्हा लिहिणारा टप्पा मूळ प्रोग्रॅममधून काढून वेगळा केला आहे, आणि तो माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय चालत नाही.